वाचकांचे प्रश्न : मोठा मराठी मजकूर डेटाबेसमध्ये ठेवणे आणि शोधणे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच विषयाभोवती होती. लेख, कथा, टिपणे असा लांब मराठी मजकूर रिलेशनल डेटाबेसमध्ये कसा ठेवावा आणि त्यातून हवा तो शब्द चटकन कसा काढावा, हा तो विषय. म्हणून इतर प्रश्न पुढील अंकावर टाकून ही सर्व जागा त्यालाच दिली आहे.

प्रश्न : आमच्या वाचनालयाने आपल्याकडील जुन्या मासिकांतले व दिवाळी अंकांतले सुमारे १२,००० लेख संगणकावर आणले आहेत. ओसीआर (पानाच्या प्रतिमेतून मजकूर काढणे) आणि मुद्रितशोधन करून तयार झालेला मजकूर पोस्टग्रेस या डेटाबेसच्या एका टेबलात टेक्स्ट प्रकारच्या कॉलमात ठेवला आहे. शोध ‘लाइक’ ही तुलना वापरून, शब्दाच्या दोन्ही बाजूंना टक्केचिन्ह (म्हणजे ‘येथे काहीही चालेल’) लावून घेतो आणि त्याला फार वेळ लागतो. इंडेक्स, म्हणजे शोधसूची, तयार करायला गेलो, तर ओळ बी-ट्री या नेहमीच्या इंडेक्सप्रकाराच्या २७०४ या कमाल मर्यादेपेक्षा मोठी असल्याचा एरर येतो. मजकूर पानापानाने तोडावा, की फायलींत ठेवून डेटाबेसमध्ये फक्त फाइलचा पत्ता नोंदवावा? (एक वाचक, सातारा)

उत्तर : दोन्हींची गरज नाही. स्कॅन केलेल्या पानांच्या प्रतिमा खुशाल फायलींत ठेवा, पण मजकूर डेटाबेसमध्येच राहू द्या. मजकूर बाहेर गेला की लेखाची नोंद एकीकडे आणि लेख दुसरीकडे अशी स्थिती होते, बॅकअप दोन ठिकाणी घ्यावा लागतो आणि दुरुस्ती अर्धवट राहिली तर ती कोणाच्या लक्षातही येत नाही.

आकाराची भीती बाळगण्याचेही कारण नाही. यूटीएफ-८ या युनिकोड साठवणपद्धतीत देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्ह, म्हणजे व्यंजन, मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडण्याचे चिन्हसुद्धा, प्रत्येकी ३ बाइट घेते, तर मधली जागा १ बाइट घेते. या हिशेबाने २,००० शब्दांचा लेख साधारण ३५ ते ४० किलोबाइटचा होतो आणि आपला सारा संग्रह अर्ध्या जीबीच्या आतबाहेर भरतो. पोस्टग्रेसच्या टेक्स्ट प्रकारात एका खान्यात १ जीबीपर्यंत मजकूर मावतो. पोस्टग्रेसचे पान मात्र ८ किलोबाइटचे असते आणि एक ओळ एकाहून अधिक पानांवर पसरू शकत नाही, म्हणून ओळ सुमारे २ किलोबाइटच्या पुढे गेली की ‘टोस्ट’ नावाची यंत्रणा काम सुरू करते. ती आधी मजकूर दाबून लहान करते, तरीही तो मोठा उरला तर त्याचे जेमतेम २ किलोबाइटचे तुकडे पाडून एका निराळ्या, आपल्याला एरवी न दिसणाऱ्या टेबलात ठेवते आणि मूळ ओळीत १८ बाइटचा निर्देशक ठेवते. म्हणजे मजकूर तोडून ठेवण्याचे जे काम आपण हाताने करू पाहत आहात, ते डेटाबेस आधीपासूनच करत आहे.

आपला शोध संथ का आहे, हेही यावरूनच कळते. दोन्ही बाजूंना टक्केचिन्ह असलेल्या शोधासाठी प्रत्येक लेखाचे तुकडे गोळा करावे लागतात, ते उलगडावे लागतात आणि पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत तपासावे लागतात, तेही प्रत्येक शोधाच्या वेळी नव्याने. आवृत्ती १४ पासून मजकूर दाबण्यासाठी एलझेड४ ही पद्धत निवडता येते आणि तिच्यात उलगडणे अधिक वेगाने होते. ती निवडावी, पण तेवढ्याने मूळ अडचण सुटत नाही. जाता जाता आणखी एक सूचना करतो. लेखांची नुसती यादी दाखवताना सगळे कॉलम मागवण्याची सवय सोडावी. यादीला शीर्षक, लेखक आणि वर्ष पुरते, आणि मजकुराचा कॉलम मागितलाच नाही तर टोस्टच्या टेबलाकडे कोणी फिरकतही नाही.

आता एररविषयी. बी-ट्री इंडेक्समधली एक नोंद पानाच्या साधारण एकतृतीयांशाहून मोठी असू शकत नाही आणि ती मर्यादा २७०४ बाइटची आहे. म्हणजे देवनागरीची जेमतेम ९०० अक्षरचिन्हे. पण ही मर्यादा नसती, तरी त्या इंडेक्सचा आपल्याला काही उपयोग नव्हता. बी-ट्री संपूर्ण मूल्याचा पहिल्या अक्षरापासून क्रम लावते. ‘अमुक अक्षरांनी सुरू होणारे शीर्षक’ तिला लगेच सापडेल, पण लेखाच्या मध्यावर कुठेतरी असलेला शब्द तिला सापडणार नाही. आपल्याला हवी आहे ती पुस्तकाच्या शेवटी असते तशी शब्दसूची, ज्यात शब्द आधी येतो आणि तो कोणकोणत्या पानांवर आहे ते पुढे लिहिलेले असते.

पोस्टग्रेसमध्ये ही सूची दोन पायऱ्यांनी तयार होते. पहिल्या पायरीत मजकुराचे शब्द सुटे करून, ते कितव्या स्थानी आले त्या क्रमांकांसह ‘टीएसव्हेक्टर’ प्रकारात ठेवले जातात आणि दुसऱ्या पायरीत त्या कॉलमावर ‘जिन’ प्रकारचा इंडेक्स बांधला जातो. हे काम मॉस्कोच्या ओलेग बार्तुनोव आणि तेओदोर सिगाएव यांनी मुळात जोडमॉड्यूल म्हणून केले होते. २००८ मधील ८.३ या आवृत्तीपासून ते पोस्टग्रेसच्या गाभ्यात आहे. आवृत्ती १२ पासून टीएसव्हेक्टरचा कॉलम ‘जनरेटेड’ म्हणून घोषित करता येतो, म्हणजे मूळ मजकूर बदलला की तो आपोआप बदलतो आणि ट्रिगर (बदल होताच आपोआप चालणारा कोड) लिहावा लागत नाही. एक अट लक्षात ठेवावी. शब्द सुटे करणाऱ्या फंक्शनला भाषेचे कॉन्फिगरेशन (त्या भाषेचे शब्द कसे हाताळायचे याचे नियम) स्पष्टपणे द्यावे लागते, कारण ते दिले नाही तर उत्तर सर्व्हरच्या सेटिंगवर अवलंबून राहते आणि अशा फंक्शनवर जनरेटेड कॉलम बांधू दिला जात नाही. मराठीसाठी ‘सिंपल’ हे कॉन्फिगरेशन द्यावे. ते शब्दांची काटछाट करत नाही.

मजकूर तोडण्याची वेळ कधी येते, तर संग्रहात आख्ख्या कादंबऱ्या असतील तेव्हा. एका टीएसव्हेक्टरची मर्यादा १ एमबीची आहे आणि ती ओलांडली तर नोंद सरळ नाकारली जाते. निदान ते कळते तरी. त्याहून फसवी मर्यादा स्थानक्रमांकाची आहे. १६,३८३ च्या पुढच्या प्रत्येक शब्दाला तोच शेवटचा क्रमांक मिळतो आणि त्याबद्दल एररही येत नाही. शब्द सापडतो, पण ‘हे दोन शब्द लागोपाठ आलेले’ असा शोध ग्रंथाच्या उत्तरार्धात चुकतो. म्हणून ग्रंथ प्रकरणानुसार तोडून, प्रत्येक प्रकरणाची एक ओळ याप्रमाणे दुसऱ्या टेबलात ठेवावा. पानानुसार तोडू नये, कारण वाक्य पान संपते तिथे संपत नसते.

प्रश्न : वरील पद्धतीने इंडेक्स बांधला आहे, पण ‘विहीर’ शोधले की ‘विहिरीत’, ‘विहिरीवर’ असे शब्द असलेले लेख येत नाहीत. पोस्टग्रेसच्या यादीत हिंदीचे कॉन्फिगरेशन दिसले. लिपी एकच असल्याने ते मराठीला चालेल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : चालणार नाही, आणि ते का चालणार नाही हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. कोणता इंडेक्स निवडावा यावर लोक पुष्कळ वाद घालतात. मराठीपुरते बोलायचे तर खरे काम इंडेक्सात काय घालायचे आणि त्याला काय विचारायचे हे ठरवण्याचे आहे.

पोस्टग्रेसमधील भाषांचे प्रत्यय छाटण्याचे नियम ‘स्नोबॉल’ या प्रकल्पातून येतात. आवृत्ती १२ मध्ये नेपाळी आणि तमिळ आले, १४ मध्ये हिंदी आले. मराठी त्यात नाही. हिंदीत ‘घर में’, ‘घर को’, ‘घर से’ असे शब्दयोगी शब्द वेगळे लिहितात. त्यामुळे हिंदीच्या नियमांना शब्दाच्या टोकाची थोडीशी रूपे छाटली की पुरते. मराठीत ‘घरात’, ‘घराला’, ‘घरासमोर’, ‘घरापासूनचा’ हे सगळे एकेक शब्द आहेत आणि ‘पासूनचा’ कसा छाटायचा हे हिंदीच्या यादीला ठाऊक असण्याचे कारण नाही. शिवाय प्रत्यय लागण्याआधी मराठी शब्द सामान्यरूप घेतो, म्हणजे मूळ शब्दच आतून बदलतो. आपल्या उदाहरणात ‘ही’ ची ‘हि’ झाली आहे. त्यामुळे ‘विहीर’ या अक्षरांनी सुरू होणारे सगळे शब्द मागितले, तरी ‘विहिरीत’ येणार नाही. दोघांमधला समान भाग फक्त ‘विह’ एवढाच आहे आणि तेवढ्यावर शोधले तर विहार, विहंग आणि विहित हेही रांगेत येऊन उभे राहतात.

माझा सल्ला असा की इंडेक्स साधाच राहू द्यावा आणि शहाणपण क्वेरीच्या, म्हणजे डेटाबेसला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाच्या, बाजूला ठेवावे. जिन इंडेक्सवर शब्दाच्या सुरुवातीवरून शोध घेता येतो. त्यासाठी शब्दापुढे अपूर्णविराम आणि तारांकन द्यावे लागते. वाचकाने टंकलेला शब्द एका छोट्या फंक्शनमधून न्यावा, त्या फंक्शनने शब्दाची संभाव्य अंगे, म्हणजे ज्यांना प्रत्यय लागतात ती रूपे, तयार करावीत आणि ती सर्व ‘किंवा’ने जोडून क्वेरीत द्यावीत. शाळेत शिकलेले सामान्यरूपाचे नियम येथे जसेच्या तसे कामाला येतात. उपान्त्य अक्षर दीर्घ असेल, तर ऱ्हस्व रूपही जोडावे: विहीर आणि विहिर, फूल आणि फुल, जमीन आणि जमिन, बहीण आणि बहिण. शेवटी ‘आ’कार असेल तर तो काढून य-कार जोडावा, म्हणजे घोडा या शब्दासाठी ‘घोड्य’ आणि रस्ता या शब्दासाठी ‘रस्त्य’ ही अंगे मिळतात. शेवटी ‘ई’कार असेल तर मूळ शब्दही ठेवावा आणि य-कारान्त अंगही द्यावे, कारण ‘नदीत’ आणि ‘नद्या’ दोन्ही हवे असतात, तर ‘पाणी’चे ‘पाण्यात’ होते. तत्सम शब्दांत ऱ्हस्व-दीर्घ बदलत नाही, शरीर हे ‘शरीरात’ असेच राहते. पण तत्सम कोणता हे फंक्शनला कळण्याची गरज नाही. ‘शरिर’ हे जास्तीचे अंग क्वेरीत गेले, तर त्याने बहुधा काही सापडणार नाही आणि काही बिघडणारही नाही. उलट मुद्रितशोधनातून सुटलेला एखादा चुकीचा शब्द त्याने हाती लागेल.

‘भाऊ’चे ‘भावाला’, ‘विंचू’चे ‘विंचवाला’ असे जे शब्द नियमांत नीट बसत नाहीत, त्यांच्यासाठी शब्द आणि अंग अशा दोन कॉलमांचे एक टेबल ठेवावे. पोस्टग्रेसमध्ये समानार्थी शब्दांच्या कोशाची सोय आहे, परंतु त्यासाठी सर्व्हरच्या ठरावीक फोल्डरात फाइल ठेवावी लागते आणि भाड्याने घेतलेल्या क्लाउड सेवेवर ती परवानगी सहसा नसते. टेबल कुठेही चालते, आणि वाचनालयातील संगणक न जाणणारी व्यक्तीही त्यात भर घालू शकते.

दोन-तीन अक्षरी शब्दांपाशी मात्र हा उपाय तोकडा पडतो. ‘घर’वरून ‘घरटे’ आणि ‘घरगुती’ येतात, ‘मन’वरून ‘मनुष्य’ आणि ‘मनोरंजन’. अशा शब्दांसाठी सुरुवातीवरून न शोधता, नेहमीच्या प्रत्ययांसह तयार होणारी पूर्ण रूपे (मनात, मनाला, मनाचा, मनाने अशी) क्वेरीत घालणे बरे. क्वेरी लांबते, पण जिन इंडेक्सला वीस-पंचवीस शब्दांची ‘किंवा’ जड जात नाही.

प्रश्न : ‘दुसऱ्या’ हा शब्द शोधला की काही लेख येतात, पण डोळ्यांना अगदी तसाच दिसणारा शब्द असलेले काही लेख येत नाहीत. ‘ॲ’ असलेल्या शब्दांचेही तेच होते. फॉन्टचा दोष आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : फॉन्टचा नाही. पडद्यावर एकच दिसणारा शब्द आत दोन वेगवेगळ्या चिन्हमालिकांनी लिहिलेला आहे. ‘दुसऱ्या’मधील ऱ्य दोन पद्धतींनी टंकला जातो. एका पद्धतीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर (युनिकोड क्रमांक ०९३१), मग पाय मोडण्याचे चिन्ह आणि मग ‘य’ येतो. दुसऱ्या पद्धतीत साधा ‘र’, पाय मोडण्याचे चिन्ह, त्यापुढे ‘झिरो विड्थ जॉइनर’ हे अदृश्य चिन्ह आणि मग ‘य’. त्यातच एखाद्या सॉफ्टवेअरने अदृश्य चिन्हे ‘कचरा’ समजून काढून टाकली असतील, तर तिसरा प्रकार तयार होतो आणि त्यात शब्द ‘दुसर्या’ असा रफारासह दिसतो. ‘ॲ’चेही तसेच आहे. ०९७२ या क्रमांकाचे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीचा आणि नंतरचाही पुष्कळ मजकूर ‘अ’ला चंद्र जोडून लिहिलेला आहे, काही ठिकाणी ‘ए’वर चंद्र दिलेला ‘ऍ’ वापरला आहे.

पोस्टग्रेसमध्ये आवृत्ती १३ पासून ‘नॉर्मलाइझ’ हे फंक्शन आहे. ते अवश्य वापरावे, कारण ‘र’ आणि त्याखाली नुक्ता अशा दोन चिन्हांनी लिहिलेला ‘ऱ’ त्याने एकसारखा होतो. पण वर सांगितलेल्या जोड्या युनिकोडच्या दृष्टीने समतुल्य नाहीत, म्हणून त्या या फंक्शनने एक होत नाहीत. त्यासाठी आपलेच फंक्शन लिहावे. त्यात अदृश्य जोडक आणि विभाजक चिन्हे काढून टाकावीत, ‘ऱ’चा ‘र’ करावा, ‘ॲ’ची तिन्ही रूपे एकाच रूपात आणावीत आणि देवनागरी अंक व इंग्रजी अंक यांपैकी एकच ठेवावेत.

यावर कोणी आक्षेप घेईल की ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ एकच कसे मानायचे, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत केवढा फरक आहे. आक्षेप रास्त आहे, पण तो मूळ मजकुराला लागू होतो. मूळ मजकूर जसाच्या तसा राहतो, त्यातले एकही चिन्ह बदलायचे नाही. बदलतो तो फक्त शोधासाठी तयार केलेला कॉलम, जो वाचकाला कधी दिसत नाही आणि जो केव्हाही पुसून पुन्हा बांधता येतो. सागरावरचा लेख शोधताना सह्याद्रीवरचे दोन लेख जास्त आले, तर वाचक ते ओलांडून पुढे जातो. जो लेख आलाच नाही, त्याचा मात्र त्याला पत्ताही लागत नाही. वाचकाने टंकलेला शब्दही त्याच फंक्शनमधून गेला पाहिजे, हे येथे आवर्जून सांगतो.

आपल्या संग्रहात जुनी मासिके असतील तर आणखी एक अडचण येईल. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे लेखनविषयक नियम रुळण्यापूर्वीच्या छपाईत ‘नांव’, ‘कांहीं’, ‘येथें’ असे अनुच्चारित अनुस्वार भरपूर आहेत. सगळे अनुस्वार सरसकट गाळून टाकावेत असा मोह होतो, पण मग ‘मंद’ आणि ‘मद’, ‘अंग’ आणि ‘अग’ यांत फरक उरत नाही. हा गोंधळ ‘दर्या-दऱ्या’पेक्षा पुष्कळ मोठा आहे, कारण अनुस्वार जवळजवळ प्रत्येक ओळीत असतो. मी येथे दुसरा टीएसव्हेक्टर कॉलम ठेवीन, त्यात अनुस्वाररहित रूपे घालीन आणि पहिल्या कॉलमातून पुरेसे लेख आले नाहीत तरच त्याकडे वळेन.

कृतिदेव, श्री-लिपी यांसारख्या जुन्या फॉन्टांत टंकलेला मजकूर मात्र या कशानेही शोधता येणार नाही. तो दिसतो मराठी, पण आत रोमन अक्षरांची चिन्हे असतात. तो आधी युनिकोडमध्ये बदलून मगच टेबलात भरावा.

प्रश्न : आमचे संकेतस्थळ मायएसक्यूएल या डेटाबेसवर आहे. काही दीर्घ लेख शेवटाकडे मध्येच तुटलेले आढळले. शिवाय ‘घर’, ‘मन’, ‘वन’ असे शब्द फुलटेक्स्ट इंडेक्सवर कधीच सापडत नाहीत. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दोन्हींचे कारण मोजमापात आहे. मायएसक्यूएलच्या टेक्स्ट प्रकाराची मर्यादा ६५,५३५ एवढी आहे, पण ती अक्षरांची नसून बाइटांची आहे. तीनने भागले की देवनागरीची २१,८४५ चिन्हे उरतात, म्हणजे साधारण तीन-साडेतीन हजार शब्द. सर्व्हरवर ‘स्ट्रिक्ट मोड’ बंद असेल, तर त्यापुढचा मजकूर केवळ एक सूचना देऊन छाटला जातो आणि ती सूचना सहसा कोणी वाचत नाही. ज्या ओळींत मजकुराची बाइट-लांबी ६५,५३० च्या वर आहे, त्या शोधून काढा. तुटलेले लेख बहुधा तेच असतील. कॉलम मीडियमटेक्स्ट करा, त्यात १६ एमबीपर्यंत मजकूर मावतो, आणि स्ट्रिक्ट मोड चालू ठेवा. गेलेला मजकूर मात्र मूळ प्रतीवरूनच भरावा लागेल.

इनोडीबी या मायएसक्यूएलच्या साठवणयंत्रणेच्या फुलटेक्स्ट इंडेक्समध्ये शब्दाची किमान लांबी ठरलेली असते आणि काही बदल केला नसेल तर ती ३ असते. ‘घर’ या शब्दात दोनच चिन्हे आहेत. गंमत अशी की आपल्या कानाला तेवढाच लहान वाटणारा ‘पाणी’ चार चिन्हांचा भरतो आणि सुखरूप इंडेक्सात जातो. ही किमान लांबी २ करावी. हे सेटिंग सर्व्हर चालू असताना बदलत नाही, म्हणून सर्व्हर पुन्हा सुरू करून इंडेक्स काढून नव्याने बांधावा लागेल.

प्रश्न : किल्ल्यांवरील टिपणांचे एक मोबाइल अ‍ॅप मी एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर केले आहे. त्यात ‘पाणी’ शोधले की ‘पुणे’ असलेली टिपणे येतात. असे का व्हावे? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : गडावर पाणी कुठे आहे हे विचारणाऱ्याला पुण्याला पाठवणारे अ‍ॅप धोक्याचेच म्हणायचे. एसक्यूलाइटच्या एफटीएस५ या शब्दशोधाच्या मॉड्यूलमधील नेहमीचा शब्दविभाजक, म्हणजे ‘युनिकोड६१’, युनिकोडमधील अक्षरे आणि अंक या वर्गांनाच शब्दाचा भाग मानतो. देवनागरीच्या मात्रा युनिकोडमध्ये ‘अक्षर’ या वर्गात नसून ‘चिन्ह’ या वर्गात आहेत. त्यामुळे प्रत्येक मात्रेपाशी शब्द तुटतो. ‘पाणी’चे ‘प’ आणि ‘ण’ असे दोन तुकडे होतात, ‘पुणे’चेही तेच दोन तुकडे होतात आणि शोध लागोपाठच्या ‘प’, ‘ण’चा घेतला जातो. २०१८ मधील ३.२५ या आवृत्तीपासून विभाजकाला ‘कॅटेगरीज’ हा पर्याय देता येतो. त्यात मूळच्या वर्गांसोबत ‘एमएन’ आणि ‘एमसी’ हे दोन चिन्हवर्ग जोडावेत आणि तक्ता नव्याने बांधावा.

पोस्टग्रेसच्या विभाजकात अशा चिन्हांचा विचार पूर्वीच झालेला आहे, त्यामुळे वरच्या वाचकांना ही अडचण येणार नाही.

प्रश्न : ओसीआरमध्ये राहिलेल्या चुकांमुळे शब्द सापडत नाहीत. ट्रायग्राम इंडेक्स लावावा का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : पूर्ण मजकुरावर लावू नये. तीन-तीन चिन्हांचे तुकडे करून ठेवणारा हा इंडेक्स लांब मजकुरावर अवाढव्य होतो, आणि एका लेखात बहुतेक सगळेच तुकडे कुठे ना कुठे येत असल्याने त्याने लेखांची फारशी चाळणीही होत नाही. त्यापेक्षा ‘टीएस_स्टॅट’ या फंक्शनने संग्रहातील सर्व वेगवेगळ्या शब्दांची यादी काढावी, ती स्वतंत्र टेबलात ठेवावी आणि ट्रायग्राम इंडेक्स त्या टेबलावर बांधावा. वाचकाने ‘धनदाट’ टंकले किंवा ओसीआरने ‘घ’ला ‘ध’ केले, तरी जवळचा शब्द या यादीतून मिळतो आणि मग मुख्य शोध त्या शब्दाने घेता येतो. डेटाबेसचे लोकेल (भाषा-प्रदेशाचे सेटिंग) ‘सी’ असेल, तर हे मॉड्यूल देवनागरीला अक्षरे म्हणून ओळखत नाही आणि तुकडे रिकामे येतात. म्हणून आधी ‘शो_टीआरजीएम’ हे फंक्शन दोन-चार जोडाक्षरी शब्दांवर चालवून पाहावे.

प्रश्न : शोध क्षणात होतो, पण निकालात शब्दाभोवतीचा उतारा दाखवायला वेळ लागतो. यासाठी इलॅस्टिकसर्चसारखे वेगळे शोधयंत्र घ्यावे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : घेऊ नये, निदान या कारणासाठी तरी नाही. उतारा काढणारे ‘टीएस_हेडलाइन’ हे फंक्शन इंडेक्स वापरत नाही. ते मूळ मजकूर उघडून त्याचे शब्द पुन्हा सुटे करते. आपण बहुधा ते सापडलेल्या सर्व लेखांवर चालवून मग पहिले दहा निवडत आहात. आतल्या क्वेरीत क्रम लावून दहा लेख निवडावेत आणि बाहेरच्या क्वेरीत फक्त त्या दहांचे उतारे काढावेत. वेगळे शोधयंत्र आणले की दोन ठिकाणचा मजकूर सतत एकसारखा ठेवण्याची जबाबदारी अंगावर येते, आणि काही हजार लेखांसाठी तो व्याप करण्यासारखा नाही.

प्रश्न : चिन्हे एकरूप करणाऱ्या फंक्शनमध्ये नवा नियम घातला, तरी जुने लेख पूर्वीसारखेच राहिले. जनरेटेड कॉलम आपोआप बदलायला हवा होता ना? (एक वाचक, पुणे)

उत्तर : जनरेटेड कॉलम बदलतो तो मूळ मजकूर बदलल्यावर. हे फंक्शन ‘इम्म्युटेबल’ म्हणून घोषित केलेले आहे, म्हणजे त्याचे उत्तर कधी बदलणार नाही असे आपणच पोस्टग्रेसला सांगितले आहे आणि ते त्यावर विश्वास ठेवते. म्हणून नियम बदलताना फंक्शनला नवे नाव द्यावे, त्यावर नवा कॉलम आणि नवा जिन इंडेक्स बांधावा, ‘दुसऱ्या’, ‘ॲप’, ‘विहीर’ अशा पंधरा-वीस नेहमीच्या शब्दांनी जुन्या व नव्या कॉलमांतून किती लेख येतात ते ताडून पाहावे. एखाद्या शब्दाचे लेख कमी झाले असतील, तर कोणते गळले ते उघडून वाचावे आणि तोवर जुना कॉलम काढू नये.